ॲस्पिरिनचे रसायनतज्ज्ञ फेलिक्स हॉफमन

जर्मनीतील एल्बरफेल्ड या गावी बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फेलिक्स हॉफमन या तरुण रसायनतज्ज्ञाने १० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या नोंदवहीत एका प्रयोगाची नोंद केली. सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक अनहायड्राइड यांची अभिक्रिया घडवून त्याने शुद्ध व टिकाऊ स्वरूपातील ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल मिळवले होते. त्यानंतर पंधरा दिवस उलटण्यापूर्वीच त्याने हीच क्रिया अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनवर केली आणि दुसरा पदार्थ तयार झाला. पहिला पदार्थ ॲस्पिरिन या नावाने घराघरांत पोहोचला. दुसरा हेरॉइन या नावाने बाजारात आला आणि पुढे जगातील बहुतेक देशांना त्यावर बंदी घालावी लागली.

एकाच हाताने, एकाच पद्धतीने आणि एकाच महिन्यात घडवलेल्या या दोन पदार्थांचे भवितव्य इतके भिन्न का झाले, याचे उत्तर हॉफमन यांना त्यांच्या हयातीत मिळाले नाही. ॲस्पिरिन शरीरात नेमके काय करते, हे समजण्यास त्या नोंदीनंतर ७४ वर्षे लागली. त्याविषयीचे काही प्रश्न तर आजही सुटलेले नाहीत.

जन्म आणि शिक्षण

फेलिक्स हॉफमन यांचा जन्म २१ जानेवारी १८६८ रोजी वुर्टेम्बर्ग प्रांतातील लुडविग्सबर्ग येथे झाला. त्यांचे वडील कारखानदार होते. शालेय शिक्षणानंतर हॉफमन यांनी औषधाच्या दुकानांत उमेदवारी केली. त्या काळी जर्मनीत औषधविक्रेता स्वतःच्या हाताने औषधे कुटून, गाळून आणि मोजून देत असे. त्यामुळे औषधाचा आणि रसायनशास्त्राचा संबंध त्यांना पुस्तकाआधी कामातून कळला. पुढे म्युनिक विद्यापीठात त्यांनी औषधनिर्माणशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला आणि १८९३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. नंतर नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांच्या शिफारशीने १८९४ मध्ये ते एल्बरफेल्डच्या बायर कंपनीत रुजू झाले. प्राध्यापक बायर यांचा या कंपनीशी असलेला संबंध केवळ नामसाधर्म्याचा होता.

१८६३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मूळची कृत्रिम रंग बनवणारी. रंगनिर्मितीत उरणाऱ्या पदार्थांपासून औषधे बनवता येतात, हे तिच्या लक्षात आले होते. फेनॅसिटिन हे ताप उतरवणारे औषध तिने १८८८ मध्ये बाजारात आणले. नवी औषधे शोधण्यासाठी पगारी रसायनतज्ज्ञांची स्वतंत्र प्रयोगशाळा आणि त्यांची पारख करण्यासाठी औषधशास्त्राचा वेगळा विभाग, अशी व्यवस्था तेथे उभी राहिली होती. हॉफमन त्या रसायनतज्ज्ञांपैकी एक होते. त्याच प्रयोगशाळेत १८९६ पासून आर्थर आयशेनग्रुन हे दुसरे रसायनतज्ज्ञ काम करत होते, तर औषधशास्त्र विभागाची सूत्रे लवकरच हाइनरिश ड्रेझर यांच्याकडे आली. ॲस्पिरिनची कथा या तिघांची आहे.

विलोच्या सालीपासून सॅलिसिलिक आम्लापर्यंत

क्रिकेटची बॅट ज्या झाडाच्या लाकडापासून बनते त्या विलोच्या सालीचा उपयोग युरोपात ताप व दुखण्यावर पूर्वापार होत असे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी ही साल पाव भाजणाऱ्याच्या भट्टीजवळ तीन महिने वाळवली, तिची पूड करून सुमारे ५० रुग्णांना दिली आणि १७६३ मध्ये आपले निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. या सालीतील कडू द्रव्य, म्हणजेच सॅलिसिन, १८२८ मध्ये म्युनिक येथे योहान बुखनर यांनी वेगळे केले. १८३८ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ रफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले. पुढे हेर्मान कोल्बे यांनी ते कृत्रिम रीतीने बनवण्याची पद्धत शोधली आणि १८७४ पासून ड्रेस्डेनजवळच्या कारखान्यात ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले.

१८७६ मध्ये स्कॉटलंड आणि जर्मनीतील डॉक्टरांनी संधिवाताच्या तापावर सॅलिसिन व सॅलिसिलिक आम्ल यांचा गुण येतो असे दाखवून दिले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांत हातपाय हलवू लागत. मात्र त्यासाठी मोठी मात्रा द्यावी लागे. चव अत्यंत वाईट, पोटात जळजळ, उलट्या, कानांत सतत गुणगुण असा त्रास होत असल्याने अनेक रुग्ण औषध अर्ध्यावरच सोडून देत. या औषधाचा गुण टिकवून त्याचा जाच कमी करता येईल का, हा प्रश्न त्यामुळे अनेक रसायनतज्ज्ञांसमोर होता.

ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल हे नाव रसायनशास्त्राला नवे नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल गेरहार्ट यांनी १८५३ मध्ये ते अशुद्ध स्वरूपात बनवले होते. औषध म्हणून वापरता येईल इतके शुद्ध व टिकाऊ द्रव्य मिळवण्याची पद्धत हॉफमन यांनी बसवली. मॉर्फिनच्या बाबतीतही असेच होते. लंडनमधील सी. आर. आल्डर राइट यांनी १८७४ मध्ये डायॲसिटिलमॉर्फिन तयार केले होते, पण औषध म्हणून त्याचा पाठपुरावा झाला नव्हता.

चुकलेली पारख

दोन्ही पदार्थ ड्रेझर यांच्या विभागात तपासणीसाठी गेले. ॲसिटिलसॅलिसिलिक आम्लाने हृदय दुबळे होते, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी ते बाजूला ठेवले. सॅलिसिलिक आम्लाच्या मोठ्या मात्रांबाबत डॉक्टरांमध्ये ही भीती त्या काळी होतीच. डायॲसिटिलमॉर्फिनविषयी मात्र ते उत्साही होते. क्षयरोग आणि न्यूमोनिया यांनी त्या काळी असंख्य बळी जात. खोकल्याने रात्रभर झोप न लागणाऱ्या रुग्णाला आराम देईल आणि मॉर्फिनसारखे व्यसन लावणार नाही, अशा औषधाची डॉक्टरांना गरज होती. हे औषध ती गरज भागवील असे कंपनीला वाटले. १८९८ मध्ये हेरॉइन या नावाने ते विक्रीस आले.

आयशेनग्रुन यांच्या म्हणण्यानुसार, ड्रेझर यांचा नकार त्यांना पटला नाही. त्यांनी ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल प्रथम स्वतः घेऊन पाहिले. हृदयावर काहीही दुष्परिणाम न जाणवल्याने त्यांनी ते बर्लिनमधील डॉक्टरांपर्यंत गुप्तपणे पोहोचवले. तेथून अनुकूल अहवाल आले आणि अखेर कंपनीच्या व्यवस्थापनाने औषध बनवण्याचा निर्णय घेतला. ॲसिटिलमधील अ, मेडोस्वीट या सॅलिसिलिक आम्ल देणाऱ्या वनस्पतीच्या स्पायरिया या जुन्या नावातील स्पिर आणि शेवटी त्या काळच्या औषधांच्या नावांना लावला जाणारा प्रत्यय, यांतून ॲस्पिरिन हे नाव बनले. ६ मार्च १८९९ रोजी ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यात आले. त्याच वर्षी ड्रेझर यांनी या औषधावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात हॉफमन किंवा आयशेनग्रुन यांपैकी कोणाचाही उल्लेख नव्हता.

गेरहार्ट यांचे काम आधीचे असल्याने जर्मनीत या पदार्थाला पेटंट मिळाले नाही. अमेरिकेत २७ फेब्रुवारी १९०० रोजी मिळालेले पेटंट मात्र हॉफमन यांच्या नावावर आहे. सुरुवातीला पूड म्हणून बाटलीतून विकले जाणारे हे औषध लवकरच गोळीच्या रूपात मिळू लागले. ठरावीक मात्रेची, सोबत बाळगता येणारी गोळी ही सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठीच सोय होती.

हेरॉइनचे खरे रूप समोर येण्यास फार काळ लागला नाही. रुग्णांना वाढत्या मात्रेची गरज भासू लागली आणि व्यसनाधीन झालेले लोक रुग्णालयांत येऊ लागले. कंपनीने १९१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. अमेरिकेत १९२४ मध्ये त्यावर पूर्ण बंदी आली. भारतात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानुसार हेरॉइन बाळगणे व विकणे हा गंभीर गुन्हा आहे.

श्रेय कोणाचे?

ॲस्पिरिन बाजारात आल्यानंतर हॉफमन प्रयोगशाळेतून बाहेर पडले आणि कंपनीच्या औषधविक्री विभागाचे प्रमुख झाले. निवृत्तीपर्यंत ते याच कामात होते. त्यांनी विवाह केला नाही. आपल्या शोधाविषयी त्यांनी जाहीरपणे फारसे काही सांगितल्याचे आढळत नाही. १९२८ मध्ये निवृत्त झाल्यावर ते स्वित्झर्लंडमध्ये राहू लागले. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मन कंपनीने ॲस्पिरिन या नावावरील हक्क अनेक देशांत गमावला होता आणि ते नाव तेथे सर्वसामान्य शब्दासारखे वापरले जाऊ लागले होते. हे सर्व हॉफमन यांच्या डोळ्यांदेखत घडले. ८ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

हॉफमन यांच्या वडिलांना संधिवात होता, सॅलिसिलिक आम्ल त्यांना सोसवत नसे आणि मुलाने वडिलांसाठी हे औषध शोधले, अशी कथा जगभर सांगितली जाते. ही कथा प्रथम छापली गेली ती १९३४ मध्ये, म्हणजे प्रयोगानंतर ३७ वर्षांनी. तोवर जर्मनीत नाझी राजवट आली होती. आयशेनग्रुन ज्यू होते. त्यांनी १९०८ मध्येच बायर कंपनी सोडून बर्लिनमध्ये स्वतःचा उद्योग उभारला होता. १९३८ मध्ये तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. १९४१ मध्ये म्युनिकच्या विज्ञान संग्रहालयात ॲस्पिरिनचे स्फटिक मांडलेले होते आणि शोधक म्हणून ड्रेझर व हॉफमन यांची नावे होती. त्या संग्रहालयात ज्यूंना प्रवेश नव्हता. १९४४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, आयशेनग्रुन यांची रवानगी तेरेझिएनश्टाट येथील छळछावणीत झाली. युद्ध संपेपर्यंत ते तेथे होते.

सुटकेनंतर १९४९ मध्ये त्यांनी एका जर्मन नियतकालिकात आपली बाजू मांडली. ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल बनवण्याची कल्पना आपली होती, हॉफमन यांनी आपल्या सूचनेनुसार प्रयोग केला आणि त्यामागचा हेतू त्यांना ठाऊकही नव्हता, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात त्यांचे निधन झाले. पुढे ५० वर्षे या दाव्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचे वॉल्टर स्नीडर यांनी जुनी कागदपत्रे तपासून २००० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला आणि आयशेनग्रुन यांचे म्हणणे ग्राह्य असल्याचे मत मांडले. बायर कंपनीने ते अमान्य केले. नोंदवहीतील अक्षर हॉफमन यांचे आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कल्पना कोणाची, याबद्दल.

गोळी शरीरात काय करते?

औषध कोणी बनवले या वादाइतकाच मोठा प्रश्न ते कसे काम करते हा होता. डॉक्टर ॲस्पिरिन देत होते, रुग्णांना गुण येत होता, पण तो का येतो हे कोणी सांगू शकत नव्हते. १९७१ मध्ये लंडनमधील औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी या कोड्याचा मोठा भाग उलगडला. या कार्याबद्दल त्यांना १९८२ मध्ये स्वीडनच्या सून बेर्गस्ट्रम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोके अधिक संवेदनशील होतात, त्या भागाला सूज येते आणि तो लाल होतो. मेंदूतील तापमान नियंत्रित करणाऱ्या केंद्रावर हीच द्रव्ये परिणाम करतात तेव्हा ताप येतो. ही द्रव्ये बनवण्याच्या कामी सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर लागते. ॲस्पिरिन या विकराचे काम बंद पाडते. त्यामुळे ताप, सूज आणि ठणका या तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींवर एकच गोळी चालते.

हे विकर बंद पाडण्याची ॲस्पिरिनची रीत १९७५ च्या सुमारास स्पष्ट झाली आणि हॉफमन यांच्या प्रयोगाचा खरा अर्थ त्यातून समजला. त्यांनी सॅलिसिलिक आम्लाला जो ॲसिटिल गट जोडला होता, तो गट ॲस्पिरिन स्वतःपासून सोडवते आणि विकराला कायमचा चिकटवते. आयब्युप्रोफेनसारखी बहुतेक वेदनाशामके विकराला काही काळ अडवून सोडून देतात. ॲस्पिरिनने निकामी केलेले विकर पुन्हा कामाला येत नाही. इतर पेशी नवे विकर बनवू शकतात. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिकांना मात्र पेशीकेंद्रच नसते. त्यामुळे एकदा निकामी झालेली रक्तबिंबिका तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात तशीच राहते. ॲस्पिरिन स्वतः रक्तात जेमतेम २० मिनिटे टिकते, पण त्याचा हा परिणाम कित्येक दिवस राहतो.

या एका गुणधर्मामुळे जुन्या वेदनाशामकाला नवे काम मिळाले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. ज्यांना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले, त्यांच्यातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. तेव्हापासून झटक्यावरील तातडीच्या उपचारात या गोळीला स्थान मिळाले.

पोटाचा जाच कमी करण्याचा मूळ हेतू मात्र पुरता साध्य झाला नव्हता. १९३८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने जठराची पाहणी केली तेव्हा ॲस्पिरिनमुळे आतील अस्तराला इजा होत असल्याचे दिसले. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येही प्रोस्टाग्लँडिनच असतात, हे वेन यांच्या शोधानंतर उमगले. वेदना थांबवणारी आणि पोटाला अपाय करणारी क्रिया मुळात एकच निघाली.

मॉर्फिनला जोडलेल्या ॲसिटिल गटांनी वेगळेच काम केले. त्यांच्यामुळे हेरॉइन स्निग्ध पदार्थांत सहज विरघळते आणि रक्तातून मेंदूत झपाट्याने शिरते. तेथे हे गट सुटतात आणि पुन्हा मॉर्फिन तयार होते. म्हणजे कंपनीने मॉर्फिनला सुरक्षित पर्याय म्हणून जे विकले, ते मेंदूपर्यंत अधिक वेगाने पोहोचणारे मॉर्फिनच होते.

अजून न उलगडलेले

सॅलिसिलिक आम्लाचे कोडे अद्याप सुटलेले नाही. प्रयोगशाळेत त्याचा सायक्लोऑक्सिजनेजवर फारच क्षीण परिणाम होतो, तरीही रुग्णाच्या शरीरात ते सूज व दाह कमी करते. यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक मार्ग सुचवले आहेत. त्यांपैकी कोणता प्रमुख आहे यावर एकमत नाही. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूला ग्रासणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो, असे १९८० च्या दशकात आढळले. तेव्हापासून मुलांना हे औषध देणे टाळले जाते. या विकाराचे नेमके कारण मात्र अद्याप कळलेले नाही. आनुवंशिकतेमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका असलेल्या काही व्यक्तींमध्ये ॲस्पिरिनने तो धोका कमी होतो असे चाचण्यांत दिसले आहे. हे कसे घडते याचा शोध सुरू आहे.

ॲस्पिरिनची जागा आज अनेक घरांत पॅरासिटामॉलने घेतली आहे. ते ताप उतरवते, दुखणे कमी करते, पण सूज फारशी कमी करत नाही. त्याचा परिणाम मुख्यतः मेंदूत व मज्जारज्जूत होत असावा असे मानले जाते. जगभर रोज घेतल्या जाणाऱ्या या औषधाची कार्यपद्धती मात्र पूर्णपणे सिद्ध झालेली नाही. मात्रा मर्यादेपलीकडे गेल्यास ते यकृताला गंभीर इजा करते, ही गोष्ट निश्चितपणे ज्ञात आहे.

जे ज्ञात आहे त्याचा उपयोग रोजच्या निर्णयांत होतो. डेंग्यूमध्ये रक्तबिंबिका कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून अशा तापात ॲस्पिरिन व तत्सम औषधे टाळून पॅरासिटामॉल घ्यावे, असे भारतातील वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हृदयविकार नसलेल्या सत्तरीपुढील निरोगी व्यक्तींनी रोज ॲस्पिरिन घेतल्याने विशेष लाभ होत नाही, उलट रक्तस्रावाचे प्रमाण वाढते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी मात्र ही गोळी उपयुक्त ठरते आणि ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. त्यामुळे सुरू करताना आणि बंद करतानाही डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

हॉफमन यांच्या नोंदवहीतील त्या दोन प्रयोगांमागे अंदाज, अनुभव आणि चिकाटी होती. औषधाच्या क्रियेचे ज्ञान तेव्हा कोणालाच नव्हते. ड्रेझर यांच्यासारख्या जाणकारानेही उपयुक्त औषध घातक ठरवले आणि घातक औषध उपयुक्त मानले. ती चूक रुग्णांच्या अनुभवाने आणि पुढील पिढ्यांच्या चाचण्यांनी दुरुस्त झाली. हॉफमन आणि आयशेनग्रुन यांच्यातील श्रेयाचा निवाडा कदाचित कधीच होणार नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली गोळी मात्र आजही रुग्णांना दिली जाते आणि तिच्यावरील संशोधनही चालू आहे.